आधी सोबत्याने वाचावं, मग यंत्राने

उमरेडकडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापिकेचा प्रश्न असा आहे: "बी.ए. आणि एम.ए. मिळून साठ-सत्तर मुलांचे इंग्रजीतले निबंध आणि प्रकल्प अहवाल मला तपासावे लागतात. बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली. एकटीच्याने होत नाही. मुलांना एकमेकांचं लिखाण तपासायला द्यावं, की सरळ एखाद्या ग्रामर सॉफ्टवेअरमध्ये टाकायला सांगावं? एकमेकांना दिलं की मुलं खाली 'गुड' लिहून परत करतात. सॉफ्टवेअर निदान चुका तरी दाखवतं."

मॅडम, दोन्ही द्या, पण क्रम सांभाळा. पहिला कच्चा खर्डा वर्गातल्या सोबत्याने वाचावा, त्यावरून मुलाने पुन्हा लिहावं आणि त्यानंतरच सॉफ्टवेअर उघडावं. नागपुरात बावीस वर्षं मी हेच काम करते आहे. सुरुवातीची बरीच वर्षं मी मुलांना उलट सांगत असे: आधी स्पेलिंग-व्याकरण नीट करून आणा, मग एकमेकांना दाखवा. चुका आधीच निघाल्या तर वाचणाऱ्याचं लक्ष आशयाकडे जाईल, असा माझा हिशेब होता. पण गुळगुळीत इंग्रजी समोर आलं की आपली मुलं गप्प होतात. एवढ्या छान इंग्रजीवर आपण काय बोलणार, असं त्यांना वाटतं. कच्च्या, अडखळत्या खर्ड्यावर मात्र तीच मुलं तोंड उघडतात, कारण तो आपल्यासारख्याच कुणीतरी लिहिलाय हे त्यांना दिसत असतं.

एक प्रसंग सांगते. नरखेडकडचा एक मुलगा संत्रा बागायतदारांवर प्रकल्प लिहीत होता. घरचीच बाग, त्यामुळे माहिती पक्की. त्याच्या दुसऱ्या पानावर वाक्य होतं, 'फार्मर्स गिव्ह टेन्शन टू द ट्रीज इन डिसेंबर.' सॉफ्टवेअरने त्याखाली एकही रेघ ओढली नव्हती. ओढणार तरी कशी? कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर, काळही बरोबर. त्याच पानावर 'बहार' या शब्दाखाली मात्र लाल रेघ होती आणि 'बिहार' असा पर्याय सुचवलेला होता. एका ठिकाणी मुलाने तो स्वीकारलाही होता. मृग बहाराचा मृग बिहार झाला होता.

ते पान मी नागपूर शहरात, धरमपेठेत वाढलेल्या एका मुलीला वाचायला दिलं. ती त्या ओळीवर थांबली. "झाडाला टेन्शन देतात म्हणजे काय करतात रे? मला समजून नाही राहिलं."

"ताण देतात नं. पाणी तोडतात."

"काहून?"

"पाणी बंद केलं का झाड विसावते. पानं मलूल होतात. मग पाणी सोडलं का सगळा फुलोरा एकदम येते. आंबिया बहार म्हणतात त्याला."

"किती दिवस तोडतात?"

"जमिनीवर आहे. हलकी असली तर कमी दिवस, काळी भारी असली तर जास्त."

"मग हे लिही ना. इथे तर यातलं काहीच नाही."

पुढच्या खर्ड्यात त्या एका वाक्याच्या जागी सहा वाक्यांचा परिच्छेद आला. पाणी कधी बंद करतात, का करतात, जमिनीप्रमाणे दिवस कसे बदलतात, पाऊस अवेळी आला तर ताण कसा मोडतो. इंग्रजी अजून मोडकंच होतं, पण आता तो शोधप्रकल्पातला परिच्छेद झाला होता. मी त्यात 'वॉटर स्ट्रेस' हा एक शब्द सुचवला. माझ्या वाट्याला तेवढंच काम उरलं होतं.

मराठीतला 'ताण' शेतात एक आणि माणसाच्या डोक्यात दुसरा. मुलाने शब्दकोशातला सोयीचा अर्थ उचलला. व्याकरण तपासणारं यंत्र वाक्याची घडण बघतं. झाडाला टेन्शन कसं देतात हा प्रश्न त्याला पडत नाही. तो पडायला समोर असा माणूस लागतो, ज्याला विषय माहीत नाही आणि माहीत नसल्याची लाज वाटत नाही. आपल्या वर्गात असे वाचक फुकट बसलेले असतात. रामटेकची मुलगी, कामठीचा मुलगा, बुटीबोरीच्या कारखान्यात पाळी करून येणारा एखादा. एकाच्या जगातली गोष्ट दुसऱ्याला नवी असते. शोधनिबंधाचा खरा वाचकही असाच, बाहेरून आलेला असतो.

आता यंत्राबद्दल. निबंध तपासणारी यंत्रं नवीन नाहीत. अमेरिकेत एलिस पेज यांनी 1966 मध्ये यावर काम सुरू केलं. त्यांची प्रणाली निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, स्वल्पविराम अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवरून गुणांचा अंदाज बांधायची. 1999 पासून जीमॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेच्या निबंधांना माणसाच्या जोडीला 'ई-रेटर' हे सॉफ्टवेअर गुण देऊ लागलं. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने 2014 मध्ये एक प्रोग्राम बनवला. दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त शब्दांनी भरलेला, पण अजिबात अर्थ नसलेला निबंध तयार करायचा, आणि गुण देणारी यंत्रं त्याला वरचे गुण द्यायची. हा इतिहास मी मुलांना मुद्दाम सांगते. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात '92' असा गुणांचा आकडा दिसला की मुलं लिहायची थांबतात. तो आकडा त्यांच्या म्हणण्याला मिळालेला नसतो, हे त्यांना कळलंच पाहिजे. शक्य असेल तर वर्गात वापरताना तो आकडा बंद ठेवायला सांगा.

तरी यंत्राला मी दूर ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. वर्गातला सोबती जिथे हमखास कमी पडतो तिथेच यंत्र उपयोगी पडतं. दोघांचीही मातृभाषा मराठी असली की दोघांचे कानही सारखेच असतात. 'डिस्कस अबाउट द प्रॉब्लेम' दोघांनाही बरोबर वाटतं, कारण आपण प्रश्नाबद्दल चर्चा करतो. 'ऑल्दो द फार्मर इज पुअर, बट ही पेज द फी' हे वाक्य दोघांच्याही नजरेतून सुटतं, कारण आपल्याकडे 'जरी' आलं की 'तरी' यावंच लागतं. 'विच स्टुडंट्स आर पुअर, दे लीव्ह कॉलेज' यामागे 'जे विद्यार्थी... ते' बसलेलं असतं. 'अ' आणि 'द' यांचं तर बोलायलाच नको, मराठीत ती गोष्टच नाही. शिवाय आपल्या भागात 'करून राहिला', 'जाऊन राहिला' असं बोलतात. मला वाटतं, आपली मुलं इंग्रजीत जागोजाग 'इज हॅविंग', 'आर नोइंग' लिहितात त्याचं एक मूळ इथेही असावं. या चुका सोबत्याला ऐकू येत नाहीत. यंत्र त्या न थकता, रात्री अकरा वाजता होस्टेलच्या खोलीतही दाखवतं, आणि चारचौघांत दाखवत नाही. लाजाळू मुलाला याचा फार आधार असतो.

फक्त एक करा. यंत्राने दाखवलेल्या चुकांपैकी तीनच चुका मुलाने वहीत उतरवायच्या आणि त्या का झाल्या ते मराठीत लिहायचं. 'जरी-तरीमुळे बट आलं' एवढं एका ओळीत पुरे. 'बट' खोडण्याचं काम यंत्र करतं, पण तो कुठून आला हे मुलाला कळल्याशिवाय पुढच्या पानावर तो पुन्हा येतो. आजच्या चॅटबॉटला मराठीत विचारलं तर तो कारणही समजावून सांगेल, पण विचारावंसं वाटायला ती चूक आधी मुलाला खुपली पाहिजे. नागपुरात बर्डीच्या बाजारात टायपिंगच्या दुकानात अहवाल करून घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट पाहिली आहे. सॉफ्टवेअरच्या सूचना मूल पाहतच नाही. टायपिंग करणारा भराभर स्वीकारत जातो. त्या सूचनेतून कोण काय शिकलं? म्हणून माझ्याकडे आधीचा हाताने लिहिलेला खर्डा जोडल्याशिवाय टाईप केलेली प्रत घेतली जात नाही.

शोधलेखनात यंत्राचा एक सल्ला मला विशेष घातक वाटतो. मुलीने दोन गावांतल्या 40 शेतकऱ्यांना विचारून लिहिलं असतं, 'द फ्रूट ड्रॉप मे बी रिलेटेड टू...'. अशी काही साधनं तिला सांगतात की वाक्य अधिक ठाम करा, 'मे' काढा. ई-मेलसाठी तो सल्ला ठीक असेल. शोधनिबंधात तो तिच्याकडून खोटं वदवून घेतो. 40 जणांच्या उत्तरांवरून 'असावा' एवढंच म्हणता येतं, 'आहे' म्हणता येत नाही. मराठीत आपण हा फरक सहज पाळतो. 'पाऊस पडलाय' आणि 'पाऊस पडला असावा' यांत कुणी गफलत करत नाही. मी मुलांना आधी ते वाक्य मराठीत म्हणायला लावते. मराठीत 'असावा' आलं तर इंग्रजीत 'मे' राहील, सॉफ्टवेअर काहीही म्हणो.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून प्रश्न जास्त अवघड झाला आहे. जुनी सॉफ्टवेअरं रेघ ओढायची, हे सगळा परिच्छेदच नव्याने लिहून देतं. त्या नव्या परिच्छेदात 'टेन्शन' नसतं, आणि पुष्कळदा नरखेडही नसतं. बागेत वाढलेल्या मुलाला जे माहीत आहे ते पुसलं जातं आणि कुठल्याही बागेला लागू पडेल असं काहीतरी उरतं. माझा नियम एवढाच आहे: 'सुधारून दे' म्हणायचं नाही. 'मी काय म्हणतोय ते तुला कुठे कळलं नाही, तेवढे प्रश्न विचार' असं म्हणायचं. त्यातून चांगले प्रश्न येतातही. पण तेही सोबत्याच्या वाचनानंतर.

पॅराफ्रेझिंगच्या, म्हणजे तेच वाक्य वेगळ्या शब्दांत करून देणाऱ्या साधनांबद्दल तर मुलांना स्पष्टच बजावा. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या वाङ्मयचौर्याविषयीच्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. तो टक्का खाली आणायला मुलं शब्द बदलणारी साधनं वापरतात. 2021 मध्ये काही संशोधकांनी छापून आलेल्या शोधनिबंधांत असे विद्रूप शब्दप्रयोग शोधून काढले होते. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', स्तनाच्या कर्करोगाच्या जागी 'बूझम पेरिल'. हे दोन शब्द फळ्यावर लिहा, वेगळं समजवावं लागणार नाही.

आणि दुसऱ्या बाजूने, एआयने लिहिलंय हे पकडून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून कुणा मुलावर आळ घेऊ नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे 91 निबंध अशा सात डिटेक्टरांना दिले होते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेले हे निबंध, पण सरासरी निम्म्याहून जास्त 'यंत्राने लिहिलेले' ठरले. साधे शब्द आणि ठरावीक वाक्यरचना वापरणाऱ्यांवर हा आळ येतो, म्हणजे नेमका आपल्याच मुलांवर. हाताने लिहिलेला खर्डा आणि त्यावर सोबत्याने प्रश्न लिहून दिलेली चिठ्ठी जवळ असेल तर मुलाकडे स्वतःचा पुरावा असतो. हे मी फार मनापासून सांगते आहे, कारण खोट्या आळाने एका हुशार मुलीला लिहिणंच नकोसं झालेलं मी पाहिलं आहे.

आता तुमची खरी अडचण, ते 'गुड'. मुलं 'गुड' लिहितात याचं कारण आळस नाही. कुणाच्या लिखाणाला नावं ठेवणं त्यांना उद्धटपणा वाटतो, आणि 'तपास' म्हटलं की आपलं इंग्रजी त्याच्याहून चांगलं पाहिजे असं वाटतं. म्हणून 'तपास' हा शब्दच वापरू नका. 'वाच आणि विचार' म्हणा. तैवानमधल्या संशोधक हुई-त्झू मिन यांनी विद्यार्थ्यांना एकमेकांचं लिखाण कसं वाचायचं हे शिकवण्यासाठी चार पायऱ्या वापरल्या: आधी लेखकाला काय म्हणायचंय ते विचारून घ्यायचं, मग अडचण कुठे आहे ते दाखवायचं, ती अडचण का आहे ते सांगायचं आणि शेवटी सुचवायचं. शिकवणीनंतर मुलांचे अभिप्राय बदलले आणि दुरुस्त्याही वाढल्या. माझ्या अनुभवात पहिली आणि तिसरी पायरी आपल्या मुलांना जमते. दुसरीला ती बिचकतात, आणि चौथीवर मी सुरुवातीला बंदीच घालते. कारण सुचवायला गेली की इंग्रजी माध्यमातला मुलगा सगळ्यांचा मास्तर होतो आणि मराठी माध्यमातली मुलगी मान खाली घालते. प्रश्न विचारायला इंग्रजी पक्कं असावं लागत नाही. पहिला महिनाभर चिठ्ठीवर फक्त प्रश्न लिहायचे. निदान दोन, आणि एक तरी 'म्हणजे काय?' असा.

बोलणं मराठीतच होऊ द्या. लिखाण इंग्रजीत आहे म्हणून चर्चाही इंग्रजीत असली पाहिजे हा हट्ट सोडा. वरचा तो संवाद इंग्रजीत झाला असता तर पहिल्या प्रश्नालाच संपला असता.

सोबती चुकीचं सांगतो तेव्हा काय, असं तुम्ही म्हणाल. हो, सोबती चुकीचं सांगतोही. माझ्या वर्गात 'द नंबर ऑफ फार्मर्स हॅज' हे बरोबर वाक्य सोबत्याने 'हॅव' केलं आणि लिहिणाऱ्याने ते मान्यही केलं, असं झालेलं आहे. पण पुष्कळदा असंही होतं की सोबत्याने सांगितलं म्हणून मूल शंका घेतं, पुस्तक उघडतं, मला येऊन विचारतं. शिक्षकाने सांगितलेलं मात्र ते न विचारता उतरवून घेतं. चीनमधल्या एका विद्यापीठातला तौलनिक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही मुलांनी शिक्षकांच्या सूचना जास्त प्रमाणात स्वीकारल्या होत्या, पण सोबत्यांच्या अभिप्रायाबरोबर मुलांचा स्वतःचा विचार जास्त दिसला. यंत्राच्या सूचनेवर तर शंका जवळजवळ कुणीच घेत नाही. मला सोबत्याच्या चुकीपेक्षा ती निमूट मान्यता जास्त सलते.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वाचणाऱ्याचा फायदा. लुंडस्ट्रॉम आणि बेकर या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना फक्त अभिप्राय द्यायला शिकवलं आणि काहींना फक्त मिळालेला अभिप्राय वापरायला. सत्राच्या शेवटी, देणाऱ्यांचं स्वतःचं लिखाण घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं होतं, विशेषतः ज्यांचं इंग्रजी सुरुवातीला कच्चं होतं त्यांचं. धरमपेठेच्या त्या मुलीच्या बाबतीत मी हेच पाहिलं. तिच्या पुढच्या निबंधात 'मेनी प्रॉब्लेम्स आर देअर' असं वाक्य आलं आणि शेजारी समासात तिनेच पेन्सिलीने लिहिलं होतं, 'कोणते?' यंत्र तुमच्यासाठी शंभर निबंध तपासेल, पण तुमच्या मुलीला वाचक करणार नाही. तुमचा वेळ वाचवणं हा सोबत्याच्या वाचनाचा हेतू धरला तर तुम्हाला ते महागात पडल्यासारखं वाटेल, कारण पहिले दोन महिने वेळ उलट जास्तच जातो.

व्याकरण दुरुस्त करून देण्याचा उपयोग होतो की नाही यावर मोठा वाद आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये ते सोडूनच द्या असं लिहिलं आणि याच विषयाच्या अभ्यासक डेना फेरिस यांनी 1999 मध्ये त्याला उत्तर दिलं. मी त्यात शिरत नाही. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक चूक लाल करत बसू नये, एवढं माझ्यापुरतं पक्कं आहे.

व्यवस्था साधी ठेवा. तिघातिघांचे गट करा, गावं मिसळा, जिवलग मित्र एका गटात नकोत. पूर्ण निबंध नको, एका वेळी एकच परिच्छेद. पन्नास मिनिटांच्या तासात तिघांचे तीन परिच्छेद वाचून होतात. दोन दिवसांनी दुसरा खर्डा, मग सॉफ्टवेअर, मग तुमच्याकडे. तुम्ही फक्त सोबत्याची चिठ्ठी आणि बदललेला परिच्छेद शेजारी ठेवून पाहायचा: प्रश्नाचं उत्तर लिखाणात आलं का? गुण चिठ्ठीलाही द्या, नाहीतर ती पुन्हा 'गुड' होईल. अहवाल जमा करायच्या वेळी, एप्रिल-मेच्या उन्हात, हे सुरू करू नका. तेव्हा कुणाला दम नसतो. जुलैतच सुरुवात करा.

पहिल्या दिवशी मुलांचं लिखाण घेऊच नका, स्वतःचं ठेवा. मी दर वर्षी माझा एक कच्चा इंग्रजी परिच्छेद फळ्यावर लावते आणि त्यावर प्रश्न लिहायला सांगते. गेल्या जुलैत नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पावसाळ्यावर लिहिला होता. त्यात मी 'द लेक इज इम्पॉर्टंट फॉर द सिटी' असं म्हटलं होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या चिठ्ठीवर दोन शब्द होते: 'कोणासाठी, मॅडम?' मी तो परिच्छेद घरी नेला, पुन्हा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही खर्डे शेजारी शेजारी लावले. त्या दिवशी गटांमधून ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांत 'गुड' लिहिलेली एकही नव्हती.